सही फक्त माझी लागते

मी माझ्या आत्याची सून. आमच्या टेंभुर्णीत यात सांगण्यासारखं काही नव्हतं, दर दोन घरांआड एक भाची सून होतीच. मामाची पोरगी हक्काची, ती बाहेर द्यायची म्हणजे भावाबहिणीत काहीतरी बिनसलं असा अर्थ निघायचा. माझ्या बारशालाच आत्यानं माझ्या पायात वाळे घालून "ही माझी" म्हणून सांगून टाकलं होतं. पुढं मी डी.एड.चं नाव काढलं तेव्हा वडील म्हणाले, आत्याच्या घरी जाऊन शीक, ती काय परकी हाय का. आत्यानंही वडिलांचा शब्द राखला, लग्नानंतर मला शिकवलं. तीर्थपुरीच्या शिवारात त्यांची शेती होती आणि नवरा जालन्यात एका बियाणे कंपनीत नोकरीला होता. म्हणून आम्ही तिथल्या मस्तगड भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहायला लागलो आणि मी तिथंच एका खासगी शाळेत पोरं शिकवायला लागले. लग्नाआधी मी आत्याला 'तू' म्हणायचे. लग्नानंतर सगळ्यांनी मिळून मला 'तुम्ही' म्हणायला लावलं, एवढाच काय तो फरक पडला असं मला तेव्हा वाटत होतं. सासऱ्यांना मी आधीही मामाच म्हणायचे, नंतरही मामाच.

एकोणनव्वद साली थोरली झाली. सहा महिन्यांची होईपर्यंत ती बरी होती, मग पांढरी पडायला लागली. दूध ओढताना दमायची, पोट वाढत चाललं होतं. आत्यानं दृष्ट काढली, गावातल्या एकानं ताईत दिला, जालन्याच्या डॉक्टरांनी लोहाची औषधं दिली. शेवटी औरंगाबादला एका डॉक्टरांनी रक्त तपासून आजाराचं नाव सांगितलं, थॅलेसेमिया. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, ते दर महिन्याला बाहेरून भरावं लागणार, आणि हे जन्मभर चालणार. मी त्यांना विचारलं, कशानं झालं. ते म्हणाले, आईबापांकडून आलंय, दोघांकडून. मला त्यातला 'दोघांकडून' हा शब्द पक्का लक्षात राहिला. घरी येईपर्यंत बाकीच्यांच्या कानातून तो गळून पडला होता.

गावात एवढंच पोचलं की पोरीला आईकडून दुखणं आलं. हळदीकुंकवाला बायका माझ्याकडं बघून आवाज बारीक करायच्या. मी ते सोसलं असतं. पण एकदा आत्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "काय करता, हिच्या माहेरचंच रक्त नासकं निघालं." मी चुलीपासून उठून बाहेर आले. तोंडातून आपोआप 'तू' गेलं.

"आत्या, माझं माहेर कोणतं ते तुला ठाऊक न्हाई का? माझा बाप तुझा भाऊ. नासकं असंल तर तुझ्याही अंगात तेच हाय."

शेजारीण लगबगीनं उठून गेली. आत्यानं पदर सावरला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण त्या दिवसानंतर माहेरच्या रक्ताची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

थोरली चार वर्षांची झाली आणि मला पुन्हा दिवस गेले. औरंगाबादच्या डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, पुढच्या वेळी लवकर या, मुंबईला एक तपासणी होते, पोटातल्या बाळाला हा आजार आहे का ते कळतं. पण त्याआधी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासावं लागेल. माझं मी लगेच तपासून घेतलं. आजाराचा अंश माझ्यात निघाला. त्याचा मला स्वतःला काही त्रास नव्हता आणि होणारही नव्हता. नवऱ्याच्या रक्तावर मात्र घर अडलं.

आत्या म्हणाली, धडधाकट माणसाचं रक्त कशाला काढायचं. माझ्या पोरात काही निघालं तर त्याच्या धाकट्या भावाची सोयरीक जमायची न्हाई. नवरा आईकडं बघत बसायचा, आई मामांकडं बघायची. मामांनी एका वाक्यात विषय मिटवला, "आपल्या घरात असली तपासणी कोणी केली न्हाई."

मामा कंपनीसाठी संकरित कापसाच्या बियाण्याचे प्लॉट घ्यायचे, नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. कंपनीची माणसं शेतात येऊन ओळी तपासायची, आणि एखादं झाड वेगळं दिसलं तर ते उपटायला लावायची. मामांना त्या कामाचा अभिमान होता, आल्यागेल्याला ते प्लॉट दाखवायला न्यायचे. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि विचारलं, "मामा, कंपनीवाले प्लॉट पास करतात तेव्हा नुसत्या मादीच्या ओळी बघून जातात का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सुनेनं असं काही विचारायची त्यांना सवय नव्हती. मग ते म्हणाले, "दोन्ही बघतात." कप रिकामा केला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला निरोप मिळाला, जा, देऊन टाक रक्त. रक्त नवऱ्याचं, नकार आत्याचा, होकार मामांचा. माझं काम झालं होतं म्हणून मी गप्प बसले, पण आमच्या घरात निर्णय कसा होतो ते मला त्या दिवशी नीट दिसलं. नवऱ्यातही तोच अंश निघाला. आत्या हातातले गहू निवडत राहिली.

मुंबईला आम्ही पाचजण गेलो. नवरा, मी, थोरली, आणि आत्या नि मामाही. तिची तपासणीही लागणार म्हणून थोरलीला नेलं होतं. आत्या-मामा आले कारण एवढी मोठी गोष्ट आम्हा दोघांवर सोडायची असं त्यांच्या मनातही येऊ शकत नव्हतं. रेल्वेत आत्या मला समजावत होती, "चौघात एक आजारी निघतं म्हणतात ना. ते एक होऊन गेलं. आता तीन बरे. घाबरू नको." तिचा हात माझ्या पाठीवर होता. ती माझ्या बाजूचीच होती, हे मला आजही कबूल आहे.

त्या मोठ्या दवाखान्यात तपासणीच्या आधी एका बाईंशी बोलावं लागायचं. पन्नाशीच्या असतील. सुती साडी, हळू आवाज. त्यांचं काम एवढंच होतं, समजावून सांगायचं आणि ऐकून घ्यायचं. त्यांनी मला विचारलं, कितवा महिना. आत्यानं सांगितलं. त्यांनी मला विचारलं, थोरलीला रक्त कुठं भरता. नवऱ्यानं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "या तपासणीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" मामा खुर्चीत पुढं सरकले, "आमचं असं म्हणणं हाय की..."

मी म्हणाले, "मामा, बाईंनी मला विचारलं."

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या बाईंनी त्यांचा अपमान होऊ दिला नाही. "तुमचंही ऐकते," म्हणाल्या, "पण सुई यांच्या पोटात जाणार आहे, म्हणून आधी यांचं." मी सांगितलं की मला कळून घ्यायचंय. कळल्यावर काय करायचं ते माझं मी ठरवीन. हे वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं. ते बोलल्यावर मलाच ते खरं वाटायला लागलं.

मग त्यांनी आत्याचा हिशोब दुरुस्त केला. चारातली एक चिठ्ठी आजाराची, आणि प्रत्येक वेळेला चारही नव्यानं पडतात, म्हणाल्या, आधी कोणती निघाली हे चिठ्ठीला आठवत नसतं. आत्याला ते पटलं नाही, पण समजलं. तिचा चेहरा उतरला तो मी बघितला.

तपासणी झाली. पोटातून सुई घालून नाळेजवळचा बारीकसा तुकडा काढला. आम्ही जालन्याला परत आलो. मी शाळेत जात राहिले, पोरांकडून पाढे म्हणून घेत राहिले. निकालाला पुन्हा सगळे गेलो.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "बाळाला थोरलीसारखाच आजार आहे," म्हणाल्या. थोरली खाली फरशीवर बसून बिस्कीट खात होती. हाताला आदल्या आठवड्यातली पट्टी तशीच होती, कारण ती काढू द्यायची नाही असा तिचा हट्ट होता.

मामांनी घसा साफ केला. "पोरगा हाय का पोरगी?"

"ते आम्ही सांगत नाही."

"तेवढं सांगा. मंग आम्हाला ठरवायला बराबर होईल."

मला वाटतं माझं त्या घरातली सून असणं तिथंच संपलं. निदान ज्या तऱ्हेची सून त्यांना हवी होती, ती संपली. मी मामांना विचारलं, पोरगा असला तर काय. ते अगदी सरळपणे म्हणाले, "तर भरू की रक्त. एकीला भरतोच." मी विचारलं, आणि पोरगी असली तर. मामांनी टोपी काढून झटकली. आत्या खाली बघत होती.

"एकीला भरतोच म्हणता," मी म्हणाले, "ती समोर बसलीय. तिचं दुखणं तुम्हाला आजपर्यंत जड झालं, आणि पोरगा म्हटल्याबरोबर तेच दुखणं हलकं झालं. ह्या गोष्टीवर जर ठरणार असंल, तर तुम्ही ठरवायचं न्हाई."

मामा उठून बाहेर गेले. आत्यानं त्या बाईंना विचारलं, आता सही कोणाकोणाची लागते. बहुतेक तिला वाटत होतं की एवढ्या मोठ्या कागदावर सासऱ्याची नाही तर नवऱ्याची तरी लागणारच, आणि तिथं मला अडवता येईल. बाई म्हणाल्या, "ठेवायचं ठरलं तर कोणाचीच नाही. नाही ठेवायचं ठरलं तर सही फक्त यांची. सज्ञान बाईची एकटीची पुरते, कायदाच तसा आहे."

"नवऱ्याची न्हाई?"

"नाही."

लग्न, शिक्षण, नोकरी, मुंबईचं तिकीट, सगळं कोणाच्या ना कोणाच्या परवानगीनं आलेलं. आणि हे, सगळ्यांत अवघड, माझं एकटीचं. मला त्याचा आनंद झाला नाही. पण पाठ आपोआप ताठ झाली.

बाहेर बाकावर नवरा माझ्या शेजारी येऊन बसला. लग्न झाल्यापासून त्यानं मला भाजी काय करायची हेसुद्धा कधी विचारलं नव्हतं, कारण गावाकडून आत्या येऊन-जाऊन असायची आणि ते तीच ठरवायची. तो म्हणाला, "तुला काय करायचंय?" मी सांगितलं, मला हे बाळ जन्माला घालायचं नाही. तो बराच वेळ हाताची बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "मी आईला सांगतो." मी म्हणाले, सांगू नका, मीच सांगते. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. आणि तो उभा राहिला. हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, कारण त्या दिवसापासून तो पुन्हा कधी बाजूला सरकला नाही.

माझं कारण मी तेव्हाही लपवलं नाही, आज तर नाहीच. थोरली मला नकोशी नव्हती. तिच्यासाठी मी गल्लीतल्या प्रत्येक धडधाकट माणसापुढं रक्त मागायला हात पसरले होते. पण तिची शीर सापडत नाही तेव्हा ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघते, ती नजर मला ठाऊक होती. तेच दुखणं कळून सवरून दुसऱ्या लेकराच्या हातात देणं मला जमणार नव्हतं. त्याच बाकावर नाशिककडची एक बाई भेटली होती. तिचा निकालही तोच होता, आणि तिनं बाळ ठेवायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, मला सवय झालीय, मी दोघांना सांभाळीन. मला तिचं चुकलं असं वाटलं नाही. तिनं माझा हात दाबला, मी तिचा. दोघींनाही आमच्या घरच्यांपेक्षा एकमेकींचं जास्त समजलं होतं.

सही करून मी मोकळी झाले. मोकळी हा शब्द लोक सहज वापरतात. मी पुढं कितीतरी दिवस शाळेत फळ्याकडं तोंड करून रडले.

परत आल्यावर आत्यानं माझ्या हातचं खाणं सोडलं. तीर्थपुरीला संक्रांतीला गेले तेव्हा वाण लुटताना एक बाई माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "पोरगा होता म्हणे." कोणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही, पण गावानं पोरगा ठरवून टाकला होता. कारण पोरगी पाडली तर त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. मी हातातलं वाण खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय होतं ते मला ठाऊक न्हाई आणि मी विचारलंबी न्हाई. मी काय केलं ते विचारायचं तर मला विचारा, मी सांगते." कोणी विचारलं नाही. मग मीच सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, तो दोघांकडून येतो ते सांगितलं, थोरलीला पुढं उभं करून तिच्या हातावरचे डाग दाखवले. दोन-तीन बायका उठून गेल्या. पण एक तरुण पोर, सहा महिन्यांपूर्वीच माझ्यासारखी आत्याच्या घरात दिलेली, दारापर्यंत माझ्या मागं आली आणि हळूच विचारलं, ती तपासणी जालन्यात होती का. मी तिला कुठं जायचं ते सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. यावेळी आम्ही दोघंच मुंबईला गेलो. घरी सांगितलं ते निकाल लागल्यावर. बाळात आमच्यासारखाच अंश होता, आजार नव्हता. त्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा नवरा हसला आणि मग लगेच चष्मा पुसायला लागला.

आता आत्याचं एकच म्हणणं राहिलं. जालन्यात तेव्हा सोनोग्राफीची यंत्रं गल्लोगल्ली आली होती. कायदा आला होता, पण त्याची भीती अजून आली नव्हती. "एवढी मुंबईची तपासणी केली," आत्या म्हणाली, "मंग हितली करायला काय होतं? ही तर सगळ्याच करून राह्यल्या." मी म्हणाले, मला आजाराचं विचारायचं होतं. ते विचारून झालं. पोरगी असणं हा आजार न्हाई. आत्यानं स्वतःच्या हातानं करून वाढून घेतलेलं ताटही सरकवलं. मी ते उचलून ठेवलं.

पोरगीच झाली. गुटगुटीत, लाल, रडली तर खालच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशी. मी बारसं मोठं केलं. टेंभुर्णीची आणि तीर्थपुरीची सगळी माणसं बोलावली, आणि ज्यांना तोंड वाकडं करायचं होतं त्यांनी ते माझ्या मांडवात, माझं जेवण जेवून केलं. त्याआधीच मी ऑपरेशन करून घेतलं होतं. दवाखान्यातल्या नर्सनं परत परत विचारलं, बाई, दोन्ही पोरीच आहेत ना, नक्की ना. मी म्हणाले, पोरी मोजता येतात मला. तेव्हापासून गावाकडं माझी ओळख 'दोन पोरींवर ऑपरेशन केलेली' अशी आहे. मास्तरीण, अमक्याची सून, तमक्याची लेक, ह्या सगळ्या ओळखींत मला तीच जास्त आवडते, कारण तेवढी एकच मी स्वतः मिळवलेली आहे.

मामा दोन हजार साल उजाडायच्या आधी गेले. त्यांनी माझ्याशी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. पण शेवटच्या आजारपणात थोरलीला जवळ बसवून घ्यायचे आणि रक्त भरून आली की तिला विचारायचे, लई दुखलं का गं. आत्या आमच्याकडं जालन्यालाच राहायला आली. हळूहळू माझ्या हातचं खायला लागली.

धाकटी बारा वर्षांची असताना औरंगाबादला नणंदेच्या घरी वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर नणंद धाकटीला जवळ ओढून सगळ्यांसमोर म्हणाली, ही माझी, मामाची पोरगी, माझ्या पोराच्या हक्काची. बायका हसल्या. मी हसले नाही. मी म्हणाले, ती अजून शाळेत हाय. मोठी झाली की तिचं ती ठरवील, आणि कोणाशीही ठरवलं तरी आधी दोघांचं रक्त तपासलं जाईल. नणंदेचा चेहरा पडला. म्हणाली, "वहिनी, असल्या तपासण्या काढून तू पोरी बदनाम करून राह्यली. घरात एक झालं म्हणून काय सगळ्यांनाच डाग लावायचा?"

मी तोंड उघडायच्या आत थोरली बोलली. ती तेव्हा अठराची होती, बारीक, फिकट, कॉलेजात जाणारी. "आत्या," ती नणंदेला म्हणाली, "ते एक झालं म्हणता ते मीच. मी हितं बसलेय. माझ्याकडं बघून बोला."

नणंदेला बघता आलं नाही. माझी आत्या, म्हणजे थोरलीची आजी, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बराबर बोलती पोरगी. तपासून घ्या. मी न्हाई तपासलं." एवढंच. पुढं तिनं पानाचा डबा उघडला.

परतीच्या एस.टी.त थोरली खिडकीशी बसली होती, धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. थोरलीनं बाहेर बघतच विचारलं, "आई, माझ्या वेळेला आधी कळलं असतं तर?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या गोष्टीसाठी मी सगळ्या घराशी भांडले होते, तीच गोष्ट लेकीपुढं खोटी कशी करायची? मी म्हणाले, "तेव्हा मी तुला ओळखत नव्हते. कदाचित नसतं ठेवलं. ठाऊक न्हाई मला. पण तू आल्यावर तुला कोणी जड म्हणालं, तर त्याला मी सोडलं न्हाई."

बदनापूर मागं पडलं. मग ती म्हणाली, "बरं झालं नाही कळलं." तिच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यावरही होता. मी तो घेतला. तिचा तो हक्कच होता, आणि हक्काचं बोलायला तिला मीच शिकवलं होतं. जालना स्टँडवर उतरताना तिनं पेंगणाऱ्या धाकटीचा भार माझ्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतला. मी म्हणाले, तुला दम लागंल. ती म्हणाली, "लागू दे," आणि पुढं चालायला लागली.